कृषी पदविका की बीएस्सी ॲग्री: धुऱ्यावर काय कामी येतं?

काटोलहून मावसभावाचा फोन होता. पोराची दहावी झाली. कृषी खात्यात नाहीतर एखाद्या बियाणे कंपनीत, गावोगाव फिरायचं काम त्याला करायचंय. मग आत्ताच कृषी तंत्र विद्यालयात घालू, की बारावी सायन्स करून बीएस्सी ॲग्रीला? फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून इथे लिहितो.

कागदावरचा हिशेब सोपा. पदविका दहावीनंतर २ वर्षांची, मराठीतून. पदवीला बारावी विज्ञान, सीईटी आणि वर ४ वर्षं, म्हणजे आजपासून ६. कृषी सेवकाच्या भरतीला दोघंही चालतात. पुढे एमपीएससीतून कृषी अधिकारी व्हायचं तर मात्र पदवीच लागते.

हातकामात पदविकेची पोरं सरस. बोर्डो मिश्रणाचंच घ्या, हे बुरशीवरचं औषध, संत्र्याच्या पट्ट्यात त्यावाचून भागत नाही. १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी, हे पदवीवाल्यालाही पाठ असतं. पण मिश्रण जमलं का ते पाहायला त्यात लोखंडी खिळा बुडवायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला समजायचं, हे ज्यानं चार वेळा केलंय त्याचा हात अडखळत नाही. मी स्वतः पदवीवाला. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मोरचूद लोखंडी टाकीत कालवायला निघालो होतो. बागवाल्यानं मुकाट्यानं प्लास्टिकचा ड्रम आणून पुढ्यात ठेवला. बोलला काहीच नाही, तेच जास्त लागलं.

पण शेतकरी ‘काहून’ विचारतो तेव्हा पदवी उपयोगी पडते. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात (गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, हा आकडा पदविकेतही शिकवतात. समोरचा म्हणतो, “बीटी हाय ना सायेब, मंग बोंडात अळी काहून?” इथे अळीत आलेली प्रतिकारशक्ती, पूर्वी न लावलेल्या बिगर-बीटीच्या ओळी, फरदड (वेचणी संपल्यावरही राखलेली कपाशी) ठेवल्यानं अळीला मिळणारं खाद्य हे सगळं जोडून सांगावं लागतं. शिवाय वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्यांत औषध एकच आहे, हे लेबलवरून ओळखता आलं तर शेतकऱ्याचे पैसे वाचतात.

पदवीतला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे रावे, गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचा अभ्यासक्रम. शेवटच्या वर्षी पोरं कृषीदूत, कृषीकन्या म्हणून गावात जातात. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे १०० दाणे गुंडाळून ठेवायचे, ७० पेक्षा कमी उगवले तर पेरताना बियाणं वाढवायचं, असली प्रात्यक्षिकं असतात. नीट केली तर चार महिन्यांत गाव कळतं. आमच्या गटानं बॅनर लावला, पाच-सहा शेतकरी गोळा केले, फोटो काढला आणि संध्याकाळच्या एसटीनं नागपूर गाठलं. वहीवर सह्या मिळाल्या. ती उधारी मी नोकरीत फेडली.

पंचनाम्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच रडगाणं. गारपिटीनं अर्धी पऱ्हाटी (कपाशी) झोपलेली, अर्धी उभी. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर धरलं तरच मदत मिळते, आणि आपण लिहायला बसलो की शेतकऱ्याची म्हातारी आई चहा घेऊन उभी. हे कुठल्याच तासाला शिकवत नाहीत. रामेती, वनामती या सरकारी प्रशिक्षण संस्थांची प्रशिक्षणं नागपुरातच होतात, पण नोकरी लागल्यावर.

तर माझं मत. भावाच्या घरी संत्र्याची बाग आहे, पोरगा डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) खरवडत मोठा झालाय. हातकाम त्याच्याकडे आहेच, त्यानं पदवी करावी. नागपूर शहरातल्या मानेवाड्यात वाढलेल्या, वावर सहलीतच पाहिलेल्या पोरानं उलट आधी पदविका करावी. घरात दोन वर्षांत पगार हवाच असेल, तर मग विचार कसला, पदविकाच.

आणि पदवीला जायचंच ठरलं, तर कॉलेज निवडताना ऑफिसात चौकशी करत बसू नका. शेवटच्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा: रावेत गावात मुक्काम असतो, की संध्याकाळची एसटी?