गोळ्या चालू आहेत, आता बोलायचं कुणाशी?

"समुपदेशन लावलं तर गोळ्या सुटतील का?" स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी उठतोच. बोलण्यातून होणाऱ्या उपचारांची तुलना इथूनच सुरू करू, कारण याचं उत्तर बरंचसं मिळालेलं आहे. मनोविकारतज्ज्ञ फिलिप मे यांनी कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात नुसती औषधं, नुसता संवादोपचार, दोन्ही एकत्र अशा वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. १९६८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. औषधं मिळालेले लोक अधिक सावरले होते, नुसत्या बोलण्यावर ठेवलेले मागे राहिले होते. पुढे २०१२ मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला होता. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं.

मग बोलायचं कशासाठी? गोळ्या कानात ऐकू येणाऱ्या, इतरांना न ऐकू येणाऱ्या आवाजांचा जोर कमी करतात, संशय बोथट करतात. पण रिकामा दिवस, तुटलेले मित्र, "मी वेडा झालो होतो" ही लाज आणि पुन्हा तसंच होईल ही धास्ती गोळीने जात नाही. काहींचे आवाज तर औषध नीट घेऊनही उरतात.

सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते सीबीटीचं, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराचं. भ्रमाशी अशा तऱ्हेने बोलण्याचा एक अनुभव मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवला होता. यात वाद घालायचा नसतो. समजा आवाज म्हणतो, "तू घराबाहेर पडलास तर आईचं काही खरं नाही." चांगला उपचारक "हे खोटं आहे" असं म्हणत नाही. आवाज आधी काय काय म्हणाला होता, त्यातलं किती घडलं, हे तो शुभार्थीबरोबर, म्हणजे आजार असलेल्या माणसाबरोबर तपासतो. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरतं. आई जागेवरच असते. पुढच्या आठवड्यात थोडं लांब. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं यासाठी निदान १६ बैठका सांगतात. पण अपेक्षा बेताची ठेवा. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात लक्षणांवरचा परिणाम लहानच दिसला, आणि कुणाला कोणता उपचार मिळाला हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल तिथे तो आणखी लहान. माझ्या मते यात यश मोजायचं ते आवाज गेले का यावरून नाही, त्यांचा धाक किती उरला यावरून.

आता ज्याचं नाव कमी निघतं तो कौटुंबिक उपचार. एकाच उपचाराला वेळ आणि पैसा असेल तर मी हा निवडेन. याचं मूळ लंडनमधल्या संशोधनात आहे. घरी सतत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी असेल तर आजार जास्त वेळा उलटतो, हे १९७६ पर्यंत स्पष्ट झालं होतं. आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर असणाऱ्यांना तर धोका अधिकच. (घरच्यांमुळे आजार झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही.) उपचारात शिकायचं असतं ते अगदी साधं वाटतं. "दिवसभर लोळतोस, लाज नाही वाटत?" याऐवजी "दहापर्यंत अंघोळ केलीस तर मला बरं वाटेल." झोप उडणं, खोलीचं दार बंद होणं या आपल्या माणसाच्या ठरलेल्या खुणा ओळखून लगेच डॉक्टरांना कळवणं. नाइसच्या मते तीन महिने ते वर्षभरात किमान १० बैठका हव्यात. अडचण एकच. शुभंकराला, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला, स्वतः आत बसावं लागतं. शुभार्थीला आत ढकलून आपण बाहेर बाकावर बसणं सोपं असतं.

साधं आधार देणारं समुपदेशन कमी लेखू नका. संशोधनात ते बहुतेक वेळा दुसऱ्या उपचाराशी तुलनेपुरतं ठेवलेलं असतं, तरी टिकून राहतं. आवाजाला संगणकावर चेहरा देऊन त्याच्याशी बोलायला लावणारा अवतार उपचार २०१८ च्या चाचणीत १२ आठवड्यांनी समुपदेशनाच्या पुढे होता. २४ आठवड्यांनी दोघांत फरक उरला नव्हता.

लक्ष लागत नाही, कामावर परतायचं आहे, लोकांत मिसळायला जमत नाही, अशा वेळी कौशल्य प्रशिक्षण आणि बौद्धिक सराव उपयोगी. बालपण उकरत बसणाऱ्या मनोविश्लेषणाच्या वाट्याला मात्र जाऊ नये. १९४८ मध्ये याच परंपरेतून आजाराचं खापर आईवर फोडणारी संज्ञा निघाली आणि कित्येक आयांनी ती वर्षानुवर्षं वाहिली.

निवड करताना पद्धतीच्या नावापेक्षा सध्याची अवस्था पाहा. रात्रभर जाग, अन्नात विष असल्याचा संशय, अशा ऐन भरात सीबीटीचा तगादा नको. तेव्हा औषध, शांतता आणि थोडकं बोलणं. जरा स्थिरावल्यावर घरच्यांच्या बैठका. शुभार्थी यायला तयार नसेल तरी तुम्ही सुरू करू शकता. दोन औषधं पुरेसा काळ, पुरेशा मात्रेत घेऊनही आवाज छळत असतील तर सीबीटीबरोबरच क्लोझापीनबद्दल, म्हणजे इतर औषधं लागू न पडल्यास दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल, मनोविकारतज्ज्ञांना विचारा. गोळ्यांना ठाम नकार देणाऱ्यांवरही २०१४ मध्ये ७४ जणांची एक चाचणी झाली. त्यांपैकी सीबीटी मिळालेल्यांना थोडा फायदा दिसला. एवढ्या लहान चाचणीच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नयेत, पण नकार देणाऱ्या माणसाशी बोलण्याचं दार उघडं ठेवायला ती पुरेशी आहे.

पहिल्या भेटीत उपचारकाला दोन प्रश्न विचारा. स्किझोफ्रेनिया असलेल्यांबरोबर काम केलंय का? आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी तुम्ही बोलणार का? "गोळ्या आपण हळूहळू सोडवू" असं डॉक्टरांना न विचारताच उत्तर आलं तर उठा. आणि आवाज जीव द्यायला किंवा कुणाला इजा करायला सांगत असतील, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.