झायमोचं मिथायलेशन-गोल्ड किट आणि विदर्भातली ‘रूम टेंपरेचर’

डीएनएवर मिथायलेशन, म्हणजे मिथाइल गटाची रासायनिक खूण, कुठे आहे ते शोधायला झायमो रिसर्चचं ईझेड डीएनए मिथायलेशन-गोल्ड हे बायसल्फाइट किट तालुक्याच्या लॅबलाही झेपतं. पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र), सेंट्रिफ्यूज आणि नीट कॅलिब्रेट केलेल्या पिपेट एवढ्यावर भागतं. अडचण एकच. माहितीपत्रकातली ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २० ते ३० अंश. मे महिन्यात आपल्याकडे कूलर लावूनही खोली तिथवर उतरत नाही.

२० मायक्रोलिटर डीएनएत १३० मायक्रोलिटर सीटी रीएजंट (किटमधलं बायसल्फाइटचं रसायन) घालायचं, ९८ अंशांवर १० मिनिटं, मग ६४ वर अडीच तास. डीएनएतल्या साध्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल होतं, मिथाइल लागलेलं तसंच राहतं. मधेच लाइट गेली तर साधं सायटोसिनही न बदलता राहतं, ते मिथाइलमध्ये मोजलं जातं आणि आकडा फुगतो. यूपीएस तीन तास टिकतो का, ते आधी रिकामं मशीन चालवून बघा.

खरी गोम डीसल्फोनेशनची, म्हणजे बायसल्फाइटमुळे डीएनएला चिकटलेलं सल्फोनेट काढण्याची. कॉलमवर (डीएनए धरून ठेवणारी गाळणीची छोटी नळी) २०० मायक्रोलिटर बफर घालून १५ ते २० मिनिटं थांबायचं असतं. हा बफर अल्कली. चाळिशीच्या उकाड्यात डीएनए जास्त तुटतो. डिसेंबरच्या सकाळी सल्फोनेट पुरतं निघत नाही आणि पुढचा पीसीआर अडतो. थर्माकोलच्या डब्यात माठातलं पाणी घ्या, थर्मामीटर ठेवा, बर्फाचा खडा टाकून २५ वर आणा आणि ट्यूबचा स्टँड त्यात बसवा. पाणी कॉलमच्या तोंडाशी येऊ देऊ नका. थंडीत तेच पाणी कोमट करून वापरा.

वॉश बफरचं झाकण सैल राहिलं की इथेनॉल उडतं आणि धुण्यातच डीएनए वाहून जातो. सीटी रीएजंटची एक ट्यूब १० नमुन्यांची. कालवल्यावर उणे २० वर महिनाभर टिकते, पण उजेडात ठेवू नका. शेवटी हाती येतो १० मायक्रोलिटर एकेरी धाग्याचा डीएनए, म्हणून डीएनए मोजायच्या नॅनोड्रॉप यंत्रावर आरएनएची सेटिंग लावा. पीसीआरला हॉटस्टार्ट टॅक (तापल्यावरच कामाला लागणारं, प्रती काढणारं एन्झाइम) घ्या. चुका तपासत जाणारं प्रूफरीडिंग एन्झाइम युरॅसिलपाशी अडकतं.

गडचिरोली-चंद्रपूरकडचे सिकलसेलचे नमुने घेऊन गॅमा-ग्लोबिन (गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या) जनुकाचं मिथायलेशन मोजणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं. साध्या रक्तातून निघतो तो पांढऱ्या पेशींचा डीएनए. गॅमा-ग्लोबिनसाठी लाल पेशींच्या पूर्वपेशी आधी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि ती सोय या डब्यात नाही.