पांढरा पेंट मार्कर, आठ महिन्यांनी: रेघ चांगली, टोकं वाईट

गेल्या आठवड्यात माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ, स्टेशन, रस्त्यांच्या छोट्या देखाव्यावर, फाटकाजवळच्या रस्त्याच्या शेवटच्या दोन रेघा ओढायला बसले आणि पेनाचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला. निब दाबली, सोडली, तरी रंग थांबेना. बोटाच्या पेराएवढा पांढरा गोळा थेट तयार रस्त्यावर पडला. आठ महिने या पेनाबद्दल लिहायचं पुढे ढकलत होते, आता लिहूनच टाकते.

पेन कोणत्या जातीचा ते मॉडेल रेल्वेवाल्यांना सांगायला नको: पांढरा ॲक्रिलिक पेंट मार्कर, १ मिमीची निब, आत खुळखुळणारी गोळी, दाबून रंग उतरवायचा. माझा लेआउट ओओ स्केलचा, म्हणजे १:७६, खऱ्याच्या ७६ वा भाग. स्टेशन ब्रिटिश खेडेगावातलं, बाजूने गावातला रस्ता, पुढे फाटक. तिकडे ताशी ४० मैलांपर्यंतच्या रस्त्यावर मधली तुटक रेघ २ मीटरची आणि मोकळी जागा ४ मीटरची असते, रुंदी १०० मिमी. ओओमध्ये हे झालं २६ मिमी रेघ, ५२ मिमी मोकळी जागा आणि १.३ मिमी रुंदी. म्हणून १ मिमीची निब घेतली, कागदावर ती सव्वाच्या आसपास ओढते. एचओ स्केलवाल्यांनी (१:८७) आणि अमेरिकन लेआउटवाल्यांनी आपली मापं वेगळी काढावीत. अमेरिकेतली आजची तुटक रेघ १० फूट आणि मोकळी जागा ३० फूट असते, म्हणजे १:८७ मध्ये ३५ आणि १०५ मिमी. शिवाय समोरासमोरच्या वाहतुकीच्या मधली रेघ तिकडे पिवळी.

पहिल्या महिन्यात मी खूश होते. त्याआधी ड्राय ट्रान्सफर, म्हणजे घासून उतरवायचे छापील पट्टे, वापरून झाले होते. ते दिसतात सुरेख, पण माझ्या रस्त्यावर पॉलिश पेपरची जी बारीक भुकटी राहिली होती तिच्यावर ते धरले नाहीत आणि धूळ झटकताना दोन पट्टे ब्रशसोबत उठून आले. पेनाचा रंग मात्र पक्का बसला. झाकणशक्ती चांगली, गडद राखाडीवर एकाच हातात पांढरा. दोन तासांत चौदा रेघा. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग भाचा आला. लेआउटवर वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, रस्त्यावर हाडं का काढलीस?"

मला आधी कळेना. भिंग घेतलं आणि त्याच्या शेजारी वाकले. त्याचं खरं होतं. प्रत्येक रेघ मध्ये सरळ, पण दोन्ही टोकांना फुगलेली. निब टेकते त्या क्षणी एक थेंब जास्त उतरतो, उचलताना दुसरा. बरोब्बर कुत्र्याच्या हाडाचा आकार. चौदा रेघा म्हणजे अठ्ठावीस टोकं, आणि एकदा दिसल्यावर मला त्या रस्त्यावर टोकांशिवाय काही दिसेना.

मी तेव्हापासून टोकांच्याच मागे लागले आहे, हे मान्य. पण त्याला कारण आहे. खऱ्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिक २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून यंत्राच्या सरळ फटीतून ओततात. झडप उघडली की रेघ सुरू, बंद केली की संपली. त्यामुळे टोक चौकोनी, कापल्यासारखं. रेघ पाव मिलिमीटर जाड-बारीक झाली तर लांबून कोणाला कळत नाही. गोल टोक मात्र लगेच सांगतं की हे हाताने, पेनाने काढलेलं आहे. दुसरी गोष्ट जाडीची. तो थर साधारण ३ मिमीचा असतो, ओओमध्ये ०.०४ मिमी, म्हणजे लिहायच्या साध्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे टोकाला रंगाचा जो टेंगूळ नखाला लागतो, तो खऱ्या मापात अक्षरशः उंचवटा आहे, गाडी आपटेल असा.

टोकं सुधारायला काय काय केलं: निब आधी कागदावर टिपून घेतली, वेग वाढवला, पेन तिरका धरला. थोडा फरक पडला, हाडं बारीक झाली. तिसऱ्या महिन्यात मी पेन कोणाला तरी देऊन टाकायच्या विचारात होते.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं, आणि श्रेय टेपला. आपण रेघेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावतो, ती सवय सोडा. मोकळी जागा झाका. टामिया कंपनीच्या मास्किंग टेपचे ५२ मिमी लांबीचे तेरा तुकडे कापले, २६ मिमीची प्लॅस्टिकची पट्टी मध्ये ठेवत ओळीने चिकटवले, रस्त्याच्या दोन्ही शेवटांना एकेक तुकडा जादा. मग पट्टीच्या आधाराने पेन एका टोकाच्या टेपवर टेकवला आणि न उचलता सलग ओढत दुसऱ्या टोकाच्या टेपवर नेऊन थांबवला. दोन्ही थेंब टेपवर पडले. रंग ओलसर असतानाच तुकडे मागे दुमडत, रस्त्याला जवळजवळ समांतर ओढून काढले. रंग पुरता वाळू दिला तर कडेला रंगाची भिंत उभी राहते, म्हणून हा थोडा ओलेपणा महत्त्वाचा. खाली चौदा रेघा, अठ्ठावीस चौकोनी टोकं. मी भिंगातून एकेक मोजली.

टेपचे तेच तुकडे मी तीन रस्त्यांना वापरले. प्लॅस्टिकच्या पट्टीवर परत चिकटवून ठेवायचे. चिकटपणा कमी झाला की उलट बरं, खालचा राखाडी रंग उपटून येत नाही.

याच पद्धतीने वळणाची रेघही जमते. ब्रिटनमध्ये वळण किंवा चौक जवळ आला की मधली रेघ लांब आणि मोकळी जागा आखूड होते, ४ मीटर आणि २ मीटर, म्हणजे सावधान राहा. बेरीज सहा मीटरच राहते, म्हणून तुकडे फक्त उलटे करायचे: २६ चे तुकडे चिकटवायचे आणि ५२ ची मोकळी जागा रंगवायची. मी आधी गावापासून फाटकापर्यंत एकच माप मारलं होतं. वळणावर ते बदललं आणि रस्ता एकदम खरा वाटायला लागला. कुठे धोका आहे ते आता रेघच सांगते.

पाचव्या महिन्यात निब गेली. गावातला रस्ता मी भरणीच्या लेपाचा, घासून गुळगुळीत केलेला आहे, तिथे ती चांगली टिकली. पण पुलापलीकडचा भाग बारीक पॉलिश पेपर उलटा चिकटवून केला होता, कारण त्याचा पोत डांबरासारखा दिसतो. त्या कागदाने निब खाल्ली. नऊ रेघांत टोक फिस्कारलं आणि रेघ १.८ मिमीवर गेली. हा दोष मी पेनाला देत नाही. पॉलिश पेपरवर फेल्टची निब चालवायचीच नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्यावर आधी रंगाचे दोन हात द्यावेत.

व्हॉल्व्हचा दोष मात्र पेनाचाच. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की निब झिजणारी वस्तू आहे, तिची हमी नसते. मी लिहिलं, निब नव्हे, व्हॉल्व्ह. तेच उत्तर परत आलं, अगदी शब्दन् शब्द. मग निब काढून, पेन उलटा धरून रंग आपोआप टपकतानाचा व्हिडिओ पाठवला. चार दिवसांनी नवा पेन आला, सोबत एकही सुटी निब नाही आणि चुकीबद्दल एक ओळही नाही. पेन मिळाला, ठीक आहे. पण माझा प्रश्न कोणी वाचलाच नाही, याचा राग अजून आहे.

जुन्या पेनात अर्ध्याहून जास्त रंग होता. तो फेकवेना, म्हणून बाटलीत ओतून घेतला, आणि तो वापरायचा कसा या विचारात कंपासपेटीतलं जुनं रूलिंग पेन हाताला लागलं. दोन पाती, मध्ये स्क्रू, ड्रॉइंगच्या तासाला शाई भरायचो तेच. इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. स्क्रू फिरवून रुंदी बसवायची, ब्रशने पात्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त रंग भरायचा नाही, बाहेरची बाजू पुसायची. रंग दुधाइतका पातळ हवा. पट्टीखाली टेपचे दोन थर लावून ती किंचित उचलून घ्यायची, नाहीतर रंग पट्टीखाली शिरतो. दर दोन-तीन रेघांनी पाती ओल्या कापडाने पुसावी लागतात, कारण ॲक्रिलिक आतच वाळतं. किचकट आहे. पण रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत १.३ ची १.३. निब नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही, आणि रस्त्याच्या कडेच्या दुहेरी पिवळ्या रेघांसाठी तेच पेन ०.७ वर आणता येतं. तिथे पेंट मार्कर मला तरी जमला नाही. टोकं रूलिंग पेनाचीही चौकोनी येत नाहीत, टेपचे तुकडे हवेतच.

रंगाबद्दल थोडंसं. पेनाचा पांढरा फार पांढरा आहे. बाटलीत ओतल्यावर त्यात राखाडी आणि अगदी थोडा पिवळट तपकिरी मिसळता आला, बंद पेनात ते शक्यच नव्हतं. वाळल्यावर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, अगदी हलक्या हाताने, आणि तेही जिथून चाकं जातात तिथेच. फाटकासमोरच्या थांबरेषेवर हे सर्वात छान दिसतं: दोन जागी झिजलेली, मध्ये आणि कडेला शाबूत. शेवटी मॅट वार्निश.

आता तो गोळा. ओल्या कापसाने टिपायला गेले तर पांढरं धुकं पसरलं, मधल्या दोन रेघाही गेल्या. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वाटलं, इथे पाइपसाठी रस्ता खोदून बुजवलाय असं करू. टेपने ६० बाय ३० मिमीचा आयत आखला, आत जास्त काळा, ताज्या डांबराचा रंग मारला, कडेने सुईने काळी सांधरेघ काढली. त्या ठिगळावर मधली रेघ परत ओढलेली नाही. ती ठिगळाच्या कडेला येऊन थांबते, काटकोनात, आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. संपूर्ण लेआउटवर मला सर्वात आवडणारी टोकं ती आहेत.

घ्यावा का? एकच छोटा रस्ता करायचा असेल, तो गुळगुळीत असेल आणि टेपचे तुकडे कापायची तयारी असेल तर घ्या, तीन तारे. रेघ ओढण्याआधी दरवेळी तो कागदावर उलटा धरून दहापर्यंत मोजा. टपकला तर रस्त्याजवळ नेऊ नका. रस्ते बरेच असतील तर रूलिंग पेन शोधा. बदली आलेला पेन मी ठेवलाय रस्त्यावरच्या 'स्लो' या अक्षरांसाठी. खऱ्या रस्त्यावर ती १.६ मीटर लांब, ताणलेली असतात, माझ्याकडे २१ मिमी. ॲसिटेटचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा साचा कापून आत पेनाने ठिपके देत भरते. 'एस' आणि 'एल' झालेत, 'ओ' च्या आतला लांबट डोळा अजून नीट कापता आलेला नाही.