ऑटोरन्स: विंडोज सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं ते सगळं दाखवणारं फुकट टूल

विंडोजचं स्टार्टअप साफ करायला पेनड्राइव्हवर एकच टूल ठेवायचं असेल तर ऑटोरन्स ठेवा, हे आधीच सांगून टाकतो, सविस्तर खाली बोलूच. सिसइंटर्नल्स नावाचा जो टूल्सचा संच आहे ना, प्रोसेस एक्सप्लोरर वगैरे, त्यातलंच हे एक. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी बनवलेलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली आणि आता ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर एकही पैसा न देता मिळतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही, झिप उतरवायची, उघडायची, आतली ऑटोरन्स६४ फाइल राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, झालं. दुसऱ्या कुठल्या साइटवरून मात्र उतरवू नका, कारण अशा टूल्सच्या नावाखाली लोक काहीही गळ्यात मारतात.

आता कोणी म्हणेल, टास्क मॅनेजर आहे की, मग हे कशाला? बरोबर आहे, साध्या कामाला तो पुरतो. पूर्वी एमएसकॉन्फिग नावाची विंडोजचीच सेटिंगची खिडकी उघडून टिक काढायचो, विंडोज ८ पासून ते सगळं टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये आलं, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा की समोर. तिथे स्टार्टअप इम्पॅक्टचा एक कॉलम आहे, हाय मीडियम लो असं लिहिलेला. तो अंदाजपंचे नसतो, एखादा प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खात असेल किंवा डिस्कवर ३ एमबीच्या वर वाचणं-लिहिणं करत असेल तर त्याला हाय म्हणतात. मीटिंगची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, क्लाउडचं सिंक, हे सगळे तिथेच सापडतात आणि तिथेच डिसेबल करून टाकावेत. घरच्या लॅपटॉपला बहुतेक वेळा एवढंच पुरतं, त्याच्या पुढे जायची गरजही पडत नाही.

पण टास्क मॅनेजर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथल्या) रन की, स्टार्टअप फोल्डर अशा मोजक्याच ठिकाणचं दाखवतो. विंडोजमध्ये आपोआप सुरू व्हायच्या जागा त्याच्यापेक्षा खूप जास्त आहेत. सर्व्हिसेस आहेत, ड्रायव्हर आहेत, शेड्यूल्ड टास्क आहेत, एक्सप्लोररच्या राइट क्लिक मेनूत घुसलेली एक्सटेन्शन्स आहेत, प्रिंट मॉनिटर आहेत, विनलॉगऑन, डब्ल्यूएमआय, यादी लांब आहे. ऑटोरन्स या सगळ्या जागा एकाच खिडकीत वेगवेगळ्या टॅबखाली मांडतं, आणि प्रत्येक ओळीपुढे कंपनीचं नाव, फाइल कुठे पडलीय, तारीख, सगळं. हेच त्याचं खरं मोल आहे.

एक प्रकार सांगतो. आमच्याकडच्या एका सेवा केंद्रातल्या मशीनवर लॉगिन केलं की ब्राउझर आपोआप उघडायचा आणि कसल्यातरी ऑनलाइन गेमच्या जाहिरातीचं पान यायचं. लोक दाखले काढायला समोर रांगेत उभे आणि स्क्रीनवर हे. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये काही नाही, अँटिव्हायरस म्हणतो सगळं ठीक, ब्राउझर काढून परत टाकला तरी तेच. ऑटोरन्स उघडून शेड्यूल्ड टास्क्सच्या टॅबवर गेलो तर तिथे अपडेटरसारखं नाव घेतलेली एक ओळ होती, तिच्यावर क्लिक केल्यावर खालच्या पट्टीत पूर्ण कमांड दिसली, सीएमडीला, म्हणजे विंडोजच्या कमांड चालवणाऱ्या काळ्या खिडकीला, स्टार्ट म्हणून सांगितलंय आणि पुढे त्या पानाचा पत्ता. टिक काढली, रिस्टार्ट केलं, पान गायब. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, अशा टास्कने चालवलेली फाइल विंडोजचीच असते, सीएमडी हा काही व्हायरस नाही, म्हणून स्कॅनमध्ये ती सापडेलच असं नाही, खोड त्या कमांडमध्ये असते. त्यामुळे शेड्यूल्ड टास्क्स बघताना मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवायचा फिल्टर एकदा काढूनही यादी वाचावी.

तो फिल्टर मात्र बाकी सगळीकडे लावाच. ऑप्शन्समध्ये हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज म्हणून आहे. तो लावला नाही तर एव्हरीथिंग टॅबवर इतक्या ओळी येतात की नवीन माणूस घाबरून बंदच करेल. लावल्यावर उरतं ते बाहेरच्या कंपन्यांचं, आणि तेच आपल्याला बघायचं असतं. मग रंग बघा. पिवळी ओळ म्हणजे फाइल जागेवर नाही, प्रोग्राम काढलाय पण त्याची नोंद मागे राहिलीय. जुना प्रिंटर विकून टाकलाय तरी लॉगिन झालं की त्याच्या सॉफ्टवेअरची फाइल सापडत नाही म्हणून एरर येत राहते ना, ती बहुतेक इथेच पिवळ्या ओळीत सापडते. टास्क मॅनेजरमध्ये कधीकधी नुसतं 'प्रोग्राम' एवढंच नाव असलेली पांढऱ्या आयकॉनची ओळ दिसते, लोक तिला व्हायरस समजतात, ती पण बऱ्याचदा असंच उरलेलं खरकटं असतं, पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, अवतरणचिन्हात नसल्यामुळे प्रोग्राम फाइल्स या नावातल्या मोकळ्या जागेपाशी तुटलेला. ऑटोरन्समध्ये पूर्ण पाथ दिसतो म्हणून ते लगेच कळतं.

गुलाबी ओळ म्हणजे पब्लिशरचं, म्हणजे फाइल बनवणाऱ्या कंपनीचं, नाव नाही किंवा फाइलची डिजिटल सही नाही वा जुळत नाही. गुलाबी दिसलं की लगेच उडवू नका!! आपल्याकडची कितीतरी छोटी सॉफ्टवेअर, बिलिंगची, शाळेच्या कामाची, डिजिटल सही न करताच दिलेली असतात. शंका वाटली तर स्कॅन ऑप्शन्समध्ये व्हायरसटोटलची (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसनी तपासणारी साइट) टिक लावा, मग प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या ठशासारखा आकडा, तिकडे तपासला जातो आणि किती इंजिनांनी तिला वाईट म्हटलंय तो आकडा ओळीपुढेच येतो. त्याखाली सबमिट अननोन इमेजेस म्हणून आहे ते मात्र क्लायंटच्या मशीनवर लावू नका, कारण त्याने अनोळखी फाइल अख्खीच्या अख्खी अपलोड होते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टिक काढली तर एंट्री मरत नाही. रजिस्ट्रीतली असेल तर ती ऑटोरन्सडिसेबल्ड नावाच्या वेगळ्या कीमध्ये हलवून ठेवली जाते, परत टिक लावली की परत जागेवर. मग ती टास्क मॅनेजरच्या यादीतूनही जाते, तिथे शोधत बसू नका. डिलीट मात्र खरंच डिलीट आहे, अनडू नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आधी नुसती टिक काढा, काही दिवस मशीन नीट चालू द्या, आणि मगच पिवळ्या ओळी डिलीट करा.

काय बंद करू नये हे इथे मुद्दाम लिहितो कारण इंग्रजी व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. सीएच्या ऑफिसात डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर स्टार्टअपला असतं, ते बंद केलं की रिटर्नवर सही करायच्या वेळी टोकन दिसतच नाही आणि तेही नेमकं शेवटच्या तारखेला लक्षात येतं. सेवा केंद्रात अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) असते, ती सर्व्हिसेस टॅबमध्ये सापडेल, नाव अनोळखी वाटतं म्हणून कोणी टिक काढली तर आधारचं काम ठप्प. डीटीपीवाल्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टचपॅड, साउंड, अँटिव्हायरस, यांनाही हात लावू नका. आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये, शंभर टक्के माहीत नसेल तर, काहीच करू नका, तिथे चुकीची टिक काढली तर मशीन बूटच होणार नाही.

कमी काय आहे? दिसायला रुक्ष आहे, सगळं इंग्रजीत, ओळ काय काम करते ते समजावून सांगत नाही, तुम्हालाच नाव शोधून बघावं लागतं. कुठला प्रोग्राम किती वेळ खातो हे पण सांगत नाही, त्यासाठी टास्क मॅनेजरचा इम्पॅक्ट कॉलमच बघावा लागतो, म्हणजे दोन्ही जोडीने वापरायचे. घरात आईबाबांच्या लॅपटॉपवर हे टूल ठेवून देऊ नका, त्यांना सेटिंग्जमधलं अ‍ॅप्स आणि त्यातलं स्टार्टअप दाखवा, चालू-बंदची बटणं आहेत, सोपं आहे. पण जे चार लोकांची मशिन्स बघतात त्यांच्यासाठी याच्या तोडीचं फुकटात मला तरी दुसरं माहीत नाही. पैसे घेऊन स्पीड वाढवतो म्हणणारे बूस्टर तर टाकूच नका, त्यातले बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

ऑटोरन्सच्या फाइल मेनूत सेव्ह आणि कम्पेअर आहे त्याचा उपयोग फार कमी लोक करतात. मशीन नवीन असताना किंवा साफ केल्यावर यादी सेव्ह करून ठेवा, सहा महिन्यांनी तीच फाइल कम्पेअरला द्या, मधल्या काळात जे नवीन घुसलंय ते हिरव्या रंगात दिसतं. एएमसी, म्हणजे मशिन्सच्या वार्षिक देखभालीचं कंत्राट, घेणाऱ्यांनी तर प्रत्येक मशीनची फाइल ठेवावीच.

फरक किती पडेल ते तुमच्या डिस्कवर आहे. जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असलेल्या मशीनला जमीन-अस्मानाचा फरक पडतो, एसएसडी असेल तर सुरू व्हायचा वेळ तेवढा कमी होणार नाही पण रॅम मोकळी होते. आणि फरक मोजताना शटडाउन करून परत चालू करू नका, रिस्टार्ट करा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे आणि शटडाउनच्या वेळी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर साठवून ठेवला जातो, खरा पहिल्यापासूनचा बूट रिस्टार्टलाच होतो.