चौकोनांच्या जगातली लारा: ‘टूम रेडर १–३ रीमास्टर्ड’ नऊ महिने खेळल्यानंतर

‘टूम रेडर’ या साहसी व्हिडिओ गेम मालिकेची नायिका लारा क्रॉफ्ट हिचे पहिले तीन गेम नव्या रूपात एकत्र आले ते १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे कथेतल्या नोंदीनुसार तिच्या वाढदिवशी. तो संच मी त्यानंतर काही महिन्यांनी घेतला आणि पुढे नऊ महिने, कधी रोज तासभर तर कधी पंधरवड्यातून एखाद्या रात्री, खेळत राहिले. तिन्ही मूळ गेम पूर्ण झाले आहेत. सोबत दिलेल्या पुरवणी लेव्हल्सपैकी पहिल्या दोन गेमच्या संपल्या, तिसऱ्याच्या अजून शिल्लक आहेत. घेतला तेव्हा मला नव्या ग्राफिक्सचे कुतूहल होते. आज मात्र लिहावेसे वाटते ते कंट्रोल्सबद्दल, कारण लारा ही व्यक्ती कोण आहे याचे उत्तर मला तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या उडीत जास्त सापडले.

हे पात्र घडले ते इंग्लंडमधल्या डर्बी शहरात, कोअर डिझाइन या कंपनीच्या अवघ्या सहा जणांच्या चमूत. टोबी गार्ड या तरुण कलाकाराच्या पहिल्या आराखड्यात नायक पुरुष होता आणि तो एका सुप्रसिद्ध चित्रपटातल्या, टोपी व चाबूक वागवणाऱ्या साहसी पुरातत्त्वज्ञाच्या इतका जवळ जात होता की कंपनीला कायदेशीर कटकटीची धास्ती वाटली. मग नायिका आली. आधी ती लॉरा क्रूझ नावाची दक्षिण अमेरिकी स्त्री होती. पुढे ब्रिटिश वळणाचे नाव हवे असे ठरल्यावर तिची लारा क्रॉफ्ट झाली आणि तिच्यामागे उमरावाचे घराणे, मोठा वाडा व म्हातारा बटलर असा सगळा संसार उभा राहिला. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला गेम सेगा सॅटर्न या गेम-यंत्रावर आला आणि लगेचच प्लेस्टेशन व पीसीवर पोहोचला.

ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या मानाने दुर्लक्षित राहते ती त्या जगाची रचना. गॅव्हिन रमरी या प्रोग्रॅमरने लेव्हल्स बांधण्यासाठी जे साधन तयार केले, ते सारखे चौकोन मांडून त्यांची उंची कमीजास्त करण्याच्या तत्त्वावर चालत असे. गुहा, मंदिरे, कारंजी, कोसळलेले पूल, सगळे या एकाच मापाच्या चौकोनांचे. आणि लाराचे शरीरही त्याच मापाला बांधलेले आहे. उभ्या जागेवरून उडी मारली तर ती एका चौकोनाची फट ओलांडते, धावत मारली तर दोन चौकोनांची, आणि धावत उडी मारून पलीकडची कडा हातांनी धरली तर तीन चौकोनांची. कडेवर उभी असताना मागे एक टुणकन उडी घेतली की धावण्यासाठी नेमकी लागते तेवढीच जागा मिळते. चालण्याचे बटण दाबून ठेवले तर ती कडेवरून खाली पडत नाही. हे नियम पहिल्या गुहेपासून शेवटपर्यंत बदलत नाहीत. समोरच्या दरीकडे पाहायचे, चौकोन मोजायचे आणि मगच पाऊल उचलायचे, अशी सवय खेळणाऱ्याला लागते.

मला ती लागायला दोन महिने गेले, कारण सुरुवात मी नव्या कंट्रोल्सनी केली होती. संचात दोन्ही पर्याय आहेत. नव्या पद्धतीत कंट्रोलरची दांडी ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला लारा वळून धावते आणि कॅमेरा आपण हवा तसा फिरवू शकतो, जसे आजच्या बहुतेक गेममध्ये असते. जुन्या पद्धतीत डावे-उजवे दाबले की ती जागच्या जागी वळते, पुढे दाबले की धावते, मागे दाबले की मागे उडी घेते. एखादे अवजड वाहन चालवावे तसे. पहिल्या दिवशी जुनी पद्धत दहा मिनिटे वापरून मी वैतागून सोडून दिली. नव्या पद्धतीने पेरूमधल्या गुहा आणि ‘लॉस्ट व्हॅली’तला तो महाकाय डायनोसॉर सहज पार पडला, त्यामुळे निर्णय योग्यच वाटत होता.

अडचण सुरू झाली ग्रीसमधल्या ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ या लेव्हलमध्ये. आत शिरल्यावर एक प्रचंड खोल, उभी विहीर लागते. तिच्या भिंतींना चिकटलेल्या कट्ट्यांवरून उड्या मारत खाली उतरायचे असते आणि वाटेत नेपच्यून, थॉर, अ‍ॅटलास व डॅमोक्लीझ अशा नावांच्या चार दालनांतून चार किल्ल्या मिळवायच्या असतात. (ग्रीसमध्ये थॉर हा स्कँडिनेव्हियन देव कसा, हा प्रश्न बहुधा निर्मात्यांनाही नंतर पडला असावा, कारण २००७ च्या नव्या आवृत्तीत थॉरची जागा हेफेस्टस या ग्रीक देवाने घेतली.) येथे प्रत्येक कट्टा अरुंद आहे. नव्या पद्धतीत मागे दांडी ओढली की लारा मागे उडी घेण्याऐवजी पाठ फिरवून धावू लागते, आणि तेवढ्यात कट्टा संपतो. लाराची पडतानाची ती लांबलचक किंकाळी मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकली की शेजारच्या खोलीतून आवाज कमी करण्याची विनंती आली. अखेर हट्ट सोडला, जुनी पद्धत निवडली आणि ती लेव्हल पहिल्यापासून खेळायला घेतली. कडेपर्यंत चालत जाणे, मागे एक उडी, धाव, झेप, कडेची पकड: हा क्रम हाताला बसल्यावर पडणे जवळजवळ थांबले. पडलेच तर चूक मोजण्यात झालेली असे, आणि ती माझी असे.

लाराबद्दलचा माझा समज त्या विहिरीत बदलला. तिचा आत्मविश्वास सर्वांना माहीत आहे, पण तो संवादांतून फारसा येतच नाही. पहिल्या गेममध्ये ती बोलते ते मुख्यत्वे मधल्या चित्रदृश्यांत. तो येतो तिच्या हालचालींच्या निःसंदिग्धपणातून. तुम्ही सांगितलेली झेप ती पूर्ण घेते. अर्ध्यावर कचरत नाही, तोल सावरत हात हलवत नाही, आणि तुम्ही चुकीचे सांगितलेत तर तितक्याच निर्धाराने दरीत जाते. चालण्याचे बटण धरून ती कडेवर चढली की सरळ हातांवर उभी राहत वर येते. या कसरतीचा काहीही उपयोग नाही आणि उलट वेळ जास्त लागतो, तरीही ती तिथे आहे, कारण असे करणे या बाईला शोभते.

ग्राफिक्सविषयी थोडक्यात. एका बटणावर खेळता खेळता जुने आणि नवे रूप अदलाबदल करता येते, आणि संचातली ही सर्वांत हुशार कल्पना आहे. नव्या रूपात लाराचा चेहरा मूळ प्रसिद्धीचित्रांशी इमान राखणारा आहे, दगडांना शेवाळ आहे, पाण्याला खोली आहे. जुन्या रूपात गेलात की तीच स्त्री मोजक्या त्रिकोणांची होते आणि हालचालही पूर्वीसारखी सेकंदाला ३० फ्रेम्सची (चित्रांची) दिसते. तिची प्रसिद्ध वेणीसुद्धा मूळ पहिल्या गेममध्ये खेळताना नव्हती. चित्रदृश्यांत वेणी आणि प्रत्यक्ष खेळात अंबाडा अशी तडजोड होती, कारण हलणारी वेणी तेव्हा जमेना. ती १९९७ च्या दुसऱ्या गेममध्ये आली. सुरुवातीला मी नव्या रूपातच राहत असे. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून मात्र कोडे अडले की जुन्या रूपात डोकवायची सवय लागली, कारण तिथे चौकोनांच्या रेषा उघड दिसतात आणि कुठली कडा पकडण्याजोगी आहे हे चटकन कळते. नव्या रूपात अंधार पुष्कळ आहे. काही दालनांत भिंतीजवळ पडलेली किल्ली नव्या प्रकाशयोजनेत दिसतच नाही आणि जुन्या रूपात लख्ख समोर असते. एका किल्लीसाठी मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. याला दोष म्हणावाच लागेल.

आवाजाकडे काहीच बोट दाखवता येत नाही. नेथन मॅक्री यांचे ओबो या सुषिर वाद्यावरचे मुख्य सूत्र वाजते ते मोजक्याच वेळा. बाकी सारा वेळ लाराची पावले, दूरवर ठिबकणारे पाणी आणि कुठूनतरी येणारी गुरगुर. पहिल्या गेममधला शेली ब्लाँड यांचा आवाज थोडा हसरा, थोडा तुसडा आहे. वाड्यातल्या सराव-लेव्हलमध्ये ती थेट खेळणाऱ्याशी बोलते, आपल्या ‘गरीबखान्यात’ स्वागत करते आणि एकेक कसरत शिकवते. म्हणजे लारा ही आपल्या हातातली बाहुली नसून यजमानीण आहे आणि आपण पाहुणे, हे नाते पहिल्याच क्षणी ठरून जाते.

गंमत अशी की बाहेरच्या जगाने हे नाते उलटे करून टाकले. १९९७ पर्यंत ती ‘द फेस’ या ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठावर पोहोचली होती, पुढे शीतपेयाच्या जाहिरातीतही झळकली, आणि प्रसिद्धीत तिच्या बुद्धीपेक्षा बांध्याची चर्चा अधिक होती. आपल्या पात्राचे काय होते आहे यावर ताबा उरला नाही, या कारणाने टोबी गार्ड त्याच वर्षी सहकारी पॉल डग्लस यांच्यासह कंपनी सोडून गेले. दुसरा गेम त्यांच्याविना झाला. म्हणून त्याचा शेवट मला विशेष वाटतो. व्हेनिस, समुद्रातला तेलतळ, बुडालेले जहाज, तिबेट असा लांब पल्ला संपवून लारा घरी येते, वाड्यावर चालून आलेल्यांचा समाचार घेते, स्नानाला जाण्याच्या बेतात असते आणि एकाएकी आपल्याकडे वळून विचारते की आता पाहिलेत तेवढे पुरे नाही का. आणि पडद्यावर बंदूक झाडते. त्या काळच्या जाहिराती डोळ्यांसमोर ठेवून हे दृश्य पाहिले तर ते निव्वळ विनोद वाटत नाही. वाड्यातल्या बटलरला शीतकोठीत कोंडून ठेवण्याचा खेळाडूंचा जुना उद्योग मीही यथासांग केला, हे इथे नमूद करते.

तिसरा गेम, १९९८ चा, तिन्हींत सर्वांत कठोर आहे आणि माझे जवळजवळ चार महिने त्यानेच घेतले. त्याची सुरुवात भारतात होते: जंगल, मंदिराचे अवशेष, गंगा आणि ‘कालिया’च्या गुहा. माकडे औषधाच्या पेट्या पळवतात, एवढा भाग अगदी वास्तवदर्शी मानायला हरकत नाही. बाकी सगळा परदेशी कल्पनेतला भारत आहे. अनेक हातांत तलवारी घेतलेले दगडी योद्धे जिवंत होऊन अंगावर येतात. गंगा ही दरीतून चारचाकी वाहन उडवण्याची जागा आहे. आणि कालिया यमुनेच्या डोहातला, तो गंगेनंतरच्या गुहेत कसा आला हे कोणी विचारू नये. दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटवासीयांचे चित्रण याहून खटकते. संच सुरू होताना अशा साचेबद्ध चित्रणाबद्दल एक निवेदन दाखवले जाते आणि मूळ मजकूर तसाच ठेवला आहे. मला हे पटले. खोडून टाकले असते तर १९९८ मध्ये लारा कोणत्या नजरेने जग फिरत होती हेच कळले नसते.

मध्यंतरी, तुलनेसाठी म्हणून, मी याच मालिकेतला २०१३ चा गेम पुन्हा खेळले. दोहोंच्या मध्ये बरेच घडून गेले होते. दरवर्षी एक गेम देण्याच्या चक्रात दमलेल्या चमूने १९९९ च्या चौथ्या गेमअखेरीस तिला इजिप्तमध्ये ढिगाऱ्याखाली गाडले, तरी मालिका थांबली नाही. २००३ चा गेम अर्धाकच्चा बाहेर पडला आणि लाराची जबाबदारी डर्बीहून क्रिस्टल डायनॅमिक्स या अमेरिकी कंपनीकडे गेली. तिथे २००६ च्या ‘लेजेंड’साठी गार्ड परत आले. २०१३ मध्ये याच कंपनीने तिला पुन्हा पहिल्यापासून घडवले: वय २१, हातात धनुष्य, अंगावर जखमा. कॅमिला लडिंग्टन यांनी तिला दिलेला आवाज थरथरतो, रडतो, चिडतो. माणूस म्हणून ही लारा कितीतरी भरीव आहे. पण उडी मारताना मला काही मोजावे लागत नाही. दिशा साधारण बरोबर असली की गेम तिला कडेपर्यंत नेऊन पोहोचवतो. ती सतत घाबरलेली दिसते आणि मी मात्र निर्धास्त असते. १९९६ च्या लाराच्या चेहऱ्यावर भीतीची रेषा नाही आणि घाम मला फुटतो. मला दुसरी अवस्था अधिक आवडते, हे कबूल करायला हवे. पहिलीच्या बाजूने उभे राहणारेही पुष्कळ असतील.

आता खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी. कुठेही सेव्ह करता येते, तेव्हा मूळ प्लेस्टेशनवर पहिल्या गेममध्ये ठरावीक स्फटिकांपाशीच सेव्ह करावे लागे तसा जाच इथे नाही. प्रत्येक मोठ्या उडीआधी सेव्ह करा आणि त्याची लाज बाळगू नका. जुने कंट्रोल्स पहिल्या सराव-लेव्हलमध्ये तासभर शिकून मगच गुहेत शिरा. अरुंद जागेत कॅमेरा भिंतीत घुसतो, ते दोन्ही पद्धतींत होते. तिसऱ्या गेमची घाई नको; पहिला संपवून थोडी विश्रांती घेतलेली बरी. चौथ्या ते सहाव्या गेमचा दुसरा संच बरोबर एका वर्षाने, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला आहे. तो मी घेतला आहे आणि अजून उघडलेला नाही, कारण तिसऱ्याच्या पुरवणीतली एक दरी अडून बसली आहे. तीन चौकोनांची वाटते, पण काल रात्री जुन्या रूपात जाऊन पुन्हा मोजली तेव्हा पलीकडची कडा अर्ध्या पायरीने खाली निघाली.