१५०-६०० झूम लेन्स: गोव्यातल्या अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरात ही लेन्स घेतली तेव्हा डोक्यात एकच आकडा होता, ६०० मिमी, म्हणजे लेन्सचं सगळ्यात लांबचं टोक. माझ्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तो ९०० सारखा दिसतो, म्हणजे लांबचा पक्षी हाताशी आलाच, असं वाटायचं. आता सप्टेंबर संपत आला. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असं पूर्ण चक्र या लेन्सबरोबर काढलं आणि आज कुणी विचारलं तर ६०० बद्दल मी सगळ्यात शेवटी बोलते. गोव्यात ही लेन्स किती कामाची, हे उजेड आणि हवेतला दमटपणा ठरवतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. या मापाच्या झूम एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात आणि खाली लिहिलेलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल.

सुरुवात चोडणपासून केली. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. सगळं मिळून १.७८ चौरस किलोमीटरचं, मांडवीकाठची खारफुटी. भरतीला होडी आतल्या खाडीत शिरते, सुकतीला चिखल उघडा पडतो आणि निवट्यांच्या (चिखलात सरपटणाऱ्या छोट्या माशांच्या) मागे बगळे, तुतवार खाली उतरतात. होडीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य, इंजिनाची थरथर सरळ लेन्सपर्यंत पोचते. इथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, खरंच कामाला आलं. इंजिन बंद करून, कोपर गुडघ्यावर टेकवून ६०० वर, शटर १/५०० सेकंदाला ठेवून, बसलेल्या पक्ष्याचे फोटो धारदार मिळतात. उडत्या पक्ष्याला मात्र १/१६०० च्या खाली जाऊ नका. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही.

पहिल्याच फेरीत गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला तो निळा-हिरवा खंड्या, ज्याला कॉलर्ड किंगफिशर म्हणतात, एका वाळक्या फांदीवर दिसला. मी गडबडीत झूम फिरवेपर्यंत उडाला. झूमची रिंग जड आहे, १५० वरून ६०० वर एका झटक्यात जाता येत नाही, मनगट दोनदा फिरवावं लागतं. होडीवाले काका शांतपणे म्हणाले, "बाय, मातशें राव. तो परत थंयच येतलो." (जरा थांब, तो परत तिथेच येईल.) पाच-सहा मिनिटांनी तो खरंच त्याच फांदीवर आला, चोचीत लहानसा खेकडा घेऊन. तेव्हापासून मी आधीच ६०० लावून, फांदीवर फोकस करून बसते.

करमळीच्या तळ्यावर सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढाच वेळ माझ्या मते खरा. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, अडईंचे थवे, सगळं या लेन्सच्या टप्प्यात. पण दहानंतर पाण्यावर आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) बांधांवर ऊन तापतं, हवा लहरायला लागते आणि ६०० वर काढलेला लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा येतो. सुरुवातीला मी लेन्सलाच दोष देत होते. तोच पक्षी सकाळी त्याच अंतरावरून काढला आणि पिसं मोजता आली.

जंगलात मात्र या लेन्सची परीक्षा होते. मोले आणि बोंडल्याच्या दाट सावलीत भर दुपारीसुद्धा उजेड तोकडा. ६०० वर अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, ६.३; त्यापुढे उघडत नाही (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). व्यावसायिक लोक वापरतात त्या ६०० एफ ४ लेन्समधून याच्या जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो, म्हणून तर त्या घेताना कर्ज काढावं लागतं. आपल्याला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत वाढवावीच लागते आणि त्याने फोटोत दाणे येतात. तांबडी सुर्ल्याच्या देवळाच्या आसपास आपला राज्यपक्षी, तांबड्या कंठाचा पिवळा बुलबुल, मला दोनदा दिसला. दोन्ही वेळा फोटो दाणेदार आले. मी ते ठेवलेत. ४०० वर आणून, दोन पावलं पुढे सरकून, खोडाला टेकून काढलेला फोटो ६०० वरच्यापेक्षा जास्त वेळा चांगला निघतो, हे मला तिथे कळलं.

या वर्षातला माझा सगळ्यात मोलाचा फोटो फोंडा तालुक्यातल्या मामांच्या कुळागरातला, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतला आहे. गाव सांगत नाही, घरटं आहे म्हणून. पाऊस सुरू झाला की तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षाही लहान, जांभळट पाठ, पिवळं पोट आणि तांबडी लाल चोच. जुलैच्या एका सकाळी सातच्या सुमारास व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) पोफळींच्या सावलीत बसले होते. १/१२५, आयएसओ ६४००, लेन्स मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर). तो वेलीवर येऊन बसला, चोचीत एक सापसुरळी आडवी धरलेली. मान खाली-वर करत होता, सापसुरळीची शेपूट लोंबत होती, पण जागचा हलेना. साठेक फोटो काढले असतील, त्यातले चार धारदार. मागून मामा आले आणि हळूच म्हणाले, "अगं, तुझ्यामुळे तो बिळात जाईना. पिल्लं उपाशी आहेत, चल." मला ते सुचलंच नव्हतं. चोचीत खाऊ घेऊन पक्षी थांबलेला असेल तर तो आपल्या जाण्याची वाट बघतोय, हे आता पक्कं डोक्यात बसलंय. आम्ही मागे सरलो आणि मिनिटभरात तो काठाच्या मातीतल्या बिळात शिरला.

त्याच दिवशी माझी चूक झाली. घरी येऊन लेन्स वरवर पुसली, पॅडच्या बॅगेत घातली, बॅग कपाटात. पंधरा दिवसांनी टॉर्च लावून बघते तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो. लेन्स एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, ती पाच आठवड्यांनी परत आली. बुरशी गेली, पण आत धुळीचे दोन कण राहिले. फोटोत ते दिसत नाहीत, मनात मात्र खुपतात.

आता लेन्स रबरी कडा असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात असते. आत अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवते. बाहेर पावसाळ्यात तो ९० च्या आसपास असतो, यावरून समजा. नारिंगी मणी घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. मणी हिरवट झाले की वाळवून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात वाळवू नका. आणखी एक, एसी गाडीतून उतरून लगेच जंगलात लेन्स काढली की काचेवर धुकं बसतं. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा.

सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) फुलांसाठी ही लेन्स घेऊ नका. सप्टेंबरात जांभ्याच्या सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. माझ्या लेन्सला २.८ मीटरच्या आत फोकसच होत नाही, त्यामुळे नखाएवढं फूल नखाएवढंच राहतं. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) लावून थोडं जवळ जाता येतं, तरी अगदी जवळून फोटो काढणारी जुनी मॅक्रो लेन्स बरी. फुलांचा गालिचा हवा असेल तर मात्र जमिनीलगत झोपून १५० वर सुंदर येतो. डोंगरांचंही तसंच. चोर्ला घाटात पावसानंतर १५० ते २०० वर एकामागे एक डोंगररांगा अशा चिकटून येतात की तिथे ६०० ची आठवणही होत नाही.

वजन दोन किलोला थोडं कमी. दोन तास हातात धरली की खांदा भरून येतो, म्हणून मोनोपॉड धरूनच खर्चाचा हिशेब करा. ९५ मिमीचा फिल्टर महाग पडतो, मी घेतला नाही, हूड कायम लावते. तुमचं फिरणं तळी, खाड्या आणि खाजनांवर असेल तर डोळे मिटून घ्या. फक्त जंगलात जाणार असाल तर ३०० एफ ४ सारखी जुनी, उजळ लेन्स सेकंडहँड मिळते का ते आधी बघा.

मी ही विकणार नाही. पुढच्या जूनसाठी मामा व्हाळाच्या अलीकडे, बिळापासून बऱ्याच लांब, चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसा बांधून देणार आहेत. तेवढ्या अंतरावरून ६०० लागेलच.