रीबे, मांडो, फानो: समुद्राच्या तळावरून ट्रॅक्टरनं जायचं असेल तर इथं जा

पोरगा डेन्मार्कात नोकरीले आहे, म्हणून पेरणीच्या आधी परत येऊ असा हिशोब करून मे महिन्यात आम्ही दोघं नवराबायको गेलो, अन् त्यानं चार दिवस पश्चिम किनाऱ्यावर फिरवलं. इकडे वणीत 45 डिग्री अन् तिथं स्वेटर घालूनही कान दुखे एवढा वारा, तर कानटोपी नेच बाप्पा.

सगळ्यात आधी मांडो बेटाचं सांगतो कारण मले तेच सगळ्यात आवडलं. या बेटावर जायले पूल नाही, ओहोटी लागली की रीबे शहराजवळच्या वेस्टर वेडस्टेड गावातून ट्रॅक्टर निघते, मागं बसचा डबा जोडलेला, अन् ते थेट समुद्राच्या तळावरून चालते. भरती आली की तोच रस्ता पाण्याखाली! म्हणून सुटायची वेळ रोज बदलते, आदल्या दिवशी टाइमटेबल पाहूनच निघा. बाजूचा गाळ पाहून बायको म्हणे हे तर आपलं पाऊस पडल्यावरचं काळं वावर दिसून राहिलं. अन् खरंच तसाच चिकट, पण अळ्या-शिंपल्यांनी भरलेला, त्याच्यावर लाखो पक्षी जगतात, म्हणून या उथळ किनारी समुद्राचा, म्हणजे वाडन समुद्राचा, डेन्मार्ककडचा भाग 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. जन्मभर ट्रॅक्टर चालवलं पण असं कधी पाहिलं नाही.

रीबे हे डेन्मार्कचं सगळ्यात जुनं शहर, सन 700 च्या आसपासपासूनचं. वाकडी लाकडी घरं, दगडी गल्ल्या, मधात मोठं चर्च, त्याच्या बुरुजाच्या 248 पायऱ्या आहेत, माझे गुडघे बोलले पण वरून पार समुद्रापर्यंतचं सपाट रान दिसते. रात्री कंदील घेऊन चौकीदार गाणं म्हणत गल्लीबोळ फिरवतो, त्याचे पैसे नाही लागत. नदीच्या धक्क्यावर एक लाकडी खांब आहे, कोणत्या साली पूर कुठवर आला त्याच्या खुणा त्याच्यावर, सगळ्यात वरची 1634 ची, नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरच्या वर पाणी! तिथं मी लय वेळ उभा राहिलो. 2022 ले वर्धा नदीचं पाणी आमच्या वावरात घुसलं होतं, ते कुठवर चढलं हे आता गावात दोन माणसं दोन जागा सांगतात. आपल्याही गावात असा खांब पाहिजे हे मी तिथंच पोराले बोललो.

फानो बेटाले एस्ब्येर्ग बंदरावरून बोटीनं बारा मिनिटं, सोंडरहो गावातली गवताच्या छपराची घरं पाहाच. रोमो बेटाची चौपाटी एवढी रुंद अन् घट्ट की लोक गाडी थेट वाळूवर नेतात, पोहायचं मात्र आमच्याच्यानं झालं नाही, पाणी गारठ.

तक्रार एकच. भाड्यानं घेतलेल्या घराचे पैसे आधीच दिले होते, पण चादरी, टॉवेल अन् विजेचं मीटर वेगळं निघालं, बुकिंग करतानी हे विचारून घ्या अन् चादरी घरूनच न्या. जेवण महाग, शाकाहारी माणसाले त्यांचा राय (rye) नावाच्या धान्याचा काळा ब्रेड अन् चीज एवढंच, आम्ही ठेचा अन् ज्वारीचं पीठ नेलं होतं म्हणून निभलं. रात्री दहाच्या जवळपास दिवस मावळे तेव्हा अंगणात भाकर-ठेचा खात बसायचो.

दोनच दिवस असतील तर रीबे अन् मांडो करा, बाकीचं राहू द्या.